८×३२ की ८×४२?

पक्षी बघायला हलकी, मध्यम किमतीची दुर्बीण घेताना गाडी बहुतेकदा इथेच अडते. दोन्हींत वस्तू ८ पटच मोठी दिसते, फरक पुढच्या भिंगाच्या व्यासाचा: ३२ की ४२ मिलिमीटर.

३२ची दुर्बीण साधारण ४५० ते ५५० ग्रॅम, ४२ची ६५० ते ७५०. दोनशे ग्रॅम दुकानात जाणवत नाहीत, चार तासांनी मानेला कळतात.

४२ची भिंगं सुमारे ७० टक्के जास्त प्रकाश घेतात. पण भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली २-३ मिलिमीटरच उघडी असते आणि ३२ची दुर्बीण ४ मिलिमीटरचा झोत देतेच (३२ भागिले ८). जादा उजेड वाया. पहाटे, तिन्हीसांजेला किंवा कर्नाळ्याच्या दाट झाडीत मात्र ४२चा ५.२५ मिलिमीटरचा झोत कामी येतो.

चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा मागच्या भिंगापासून जितका दूर ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) किमान १५-१६ मिलिमीटर हवा, नाहीतर दृश्याच्या कडा कापल्या जातात. ३२वाल्या इथे बऱ्याचदा कमी पडतात.

जलरोधक आणि नायट्रोजन भरलेली नसेल तर आपल्या पावसाळ्यात आतून वाफ धरते, पुढे भिंगांवर बुरशी. ही अट दोन्हींना.

भिगवणचे रोहित (फ्लेमिंगो), ट्रेक, दिवसभराची पायपीट: ३२. जंगल, कातरवेळ, चष्मा: ४२.