मागच्या सीटवरून: ३५० सीसी गाडी, डबलसीट, विदर्भातले रस्ते

गाड्यांचे रिव्ह्यू लिहिणारे सगळे पुढे बसलेले असतात. पिकअप, ब्रेक, हेडलाइटचा झोत, हँडलची उंची, सगळं सविस्तर. मागच्या माणसाच्या वाट्याला एक ओळ येते, "पिलियन सीट ठीक आहे." ती पिलियन मी आहे आणि सीट ठीक नाही, म्हणून हा लांबलचक अनुभव.

गाडी मागच्या दसऱ्याला घेतली. एका सिलिंडरची ३५० सीसी, १३ लिटरची टाकी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की लोक कंपनीवरूनच भांडत बसतात, आणि पुढचं बरंचसं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडेल. आम्ही दारव्ह्याचे, जिल्हा यवतमाळ. हे जिल्हा परिषदेच्या शाळेवर, मी पतसंस्थेत. सुट्या जुळल्या की निघतो. लोणार, शेगाव, चिखलदरा, सेवाग्राम, एकदा थेट हेमलकसा. काटा दहा हजारांच्या पुढे गेलाय, त्यातलं निम्म्याहून जास्त डबलसीट.

आधी सीटचंच. शोरूमवाले चौकापर्यंत चक्कर मारू देतात, त्यात काही कळत नाही. कारंजा येईस्तोवर मजा वाटते, मंगरूळपीर मागं पडलं की माकडहाड बोलायला लागतं आणि वाशीमला मी उभ्यानं चहा पिते. कंपनीची मागची गादी अरुंद, पुढच्या बाजूला उतरती आणि मऊ. मऊ फोम दुकानात छान लागतो, पण तासाभरात दबून खालच्या प्लास्टिकला टेकतो. मग तुम्ही फोमवर नसता, पाट्यावर असता. उतारामुळे प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरते आणि माझं हेल्मेट यांच्या हेल्मेटवर टक्कन आदळतं. दिवसभरात हे किती वेळा होतं ते मोजायचं सोडून दिलं.

यांचं म्हणणं, "होईल सवय." लायसन्स माझ्याकडेही आहे. लोणारहून परत येताना मेहकरला मी चावी घेतली आणि यांना मागे बसवलं. मालेगावला उतरल्यावर हे काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गाडी यवतमाळच्या सीटवाल्याकडे होती. त्यानं उतार काढून गादी सपाट केली, खाली दाबीव कडक फोम, वर पातळ मऊ थर, दोन्ही बाजूंनी थोडी रुंदी वाढवली आणि वर न घसरणारं रेक्झिन. दोन हजारांच्या आत काम झालं. या गाडीवर केलेला सगळ्यात चांगला खर्च हाच. दुसरा नंबर मागच्या डिक्कीचा, सामानासाठी नाही, पाठीला टेका म्हणून. मात्र डिक्कीत जड काही ठेवू नका. मागच्या चाकाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं आणि वेगात हँडल डुलायला लागतं. पाणी, हत्यारं, जड सगळं दोन्ही बाजूंच्या बॅगांत, खाली.

डबलसीटवाल्यांनी आणखी एक पाहावं. मागच्या शॉकअपला खाचा असतात. बऱ्याच गाड्या शोरूममधून एका माणसाच्या हिशोबानं सेट होऊन येतात आणि कोणी हात लावत नाही. हत्यारांच्या पाकिटातल्या वाकड्या पान्यानं दोन खाचा वर घेतल्यावर खड्ड्यात धाडकन आपटणं जवळपास बंद झालं. फुकटचं काम. मागच्या टायरात आमच्या पुस्तिकेप्रमाणे एकट्याला ३२ आणि दोघांना ३६. गावचा पंक्चरवाला सगळ्यांना एकच हवा भरतो, त्याला तोंडानं सांगावं लागतं.

चेनचंही तसंच. मिस्त्री गाडी स्टँडवर चढवून चेन ताणून देतो. दोघं आणि बॅगा बसल्या की मागची बाजू दबते, तशी चेन आणखी ताणली जाते आणि करकरायला लागते. चेन थोडी ढिली दिसली पाहिजे, ती वजनानं जागेवर येते. दर पाचशे किलोमीटरला तेल. आमच्याकडच्या धुळीत त्याआधीच.

साडी-गार्ड काढून गाडी "क्लीन" दिसते म्हणून पोरं काढतात. काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम मागच्या माणसासाठी पकडायला हँडल, पायाला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मागतो. ओढणी चाकात जाताना आवाज करत नाही. प्रवासात मी पँट-कुर्ता घालते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते, दुपट्टा हेल्मेटच्या आत. सासरच्या गावाच्या वेशीवर कधीतरी एका बाजूला पाय करून बसावं लागतं, तेव्हा हे गाडी वीसच्या वर नेत नाहीत. एका बाजूला बसून लांबचा प्रवास करणाऱ्या आपल्या आया-मावश्यांना माझा साष्टांग नमस्कार, पण तसं बसू नये.

आता सगळ्यात वाईट गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूत नसते. बाईमाणसानं जायचं कुठं? पंपावर महिलांचं स्वच्छतागृह असतं, त्याला कुलूप असतं, किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. ढाब्यावर "तिकडं मागं" म्हणून हात दाखवतात, तिकडं मागं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते. पऱ्हाटी उभी असेल तर नशीब, उन्हाळ्यात तीही नसते. म्हणून पहिल्या काही महिन्यांत मी पाणीच कमी प्यायचे. त्याचं फळ डोकेदुखी, जळजळ आणि डॉक्टर. आता आमचा रस्ता नकाशावर नाही, या हिशोबानं ठरतो. तालुक्याचं एसटी स्टँड, देवस्थानं, आश्रम. शेगावला संस्थानात उतरलं की स्वच्छतेची काळजी नाही. सेवाग्राम आणि आनंदवनातही मोकळं वाटतं. मधल्या पट्ट्यात ज्या पंपावर कुलूप नसतं त्याची मी यादी केलीय आणि पेट्रोल तिथंच भरायचं, टाकी अर्धी असली तरी. नवऱ्यांनो, "एवढ्यात कशाला थांबायचं" हे वाक्य गाडीवर काढायचं नाही.

ऊन हा दुसरा शत्रू. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो. पुण्या-मुंबईचे लोक सांगतात, जाळीचं जॅकेट घ्या, हवा खेळते. हवा अंगापेक्षा थंड असेल तेव्हा खेळते. ४२-४३ अंशांत तीच हवा झळ होऊन आत शिरते आणि घाम वाळवून टाकते, अंग कोरडं राहतं आणि माणूस आतून तापत जातो. त्या दिवसांत पूर्ण झाकलेलं सुती आणि मानेला ओलं फडकं बरं. पहाटे पाचला निघायचं, साडेदहाच्या आत कुठल्यातरी सावलीत पोचायचं. आईचा खिशात कांदा ठेवायचा हट्ट मी पाळते. त्याचा उपयोग काय ते विचारू नका, दुपारी भाकरीसोबत होतो. सायलेन्सर उजवीकडे असतो हे उतरताना विसरायचं नाही. मी नेहमी डावीकडून उतरते, तरी पिंडरीवर एक चटका आहेच.

उन्हाळ्यात झळ, तर पावसाळ्यात काळी माती. घाटावरच्या लोकांना ही गंमत सांगून पटत नाही. डांबरी रस्ता सोडून मामांच्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीत शिरलो होतो, पाऊस नुकताच उघडलेला. दोनशे मीटरही गेलो नसू. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसला आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. घसरलं नाही, रुतलं नाही, नुसतं थांबलं. तुराटीच्या काडीनं उकरायचं, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा उकरायचं. माझ्या चपलांना इतकी माती चिकटली की मी चार बोटं उंच झाले. बांधावरून एक आजोबा बघत होते. शेवटी म्हणाले, "काऊन जी मास्तर, बैल नाही भेटले का?" पांदणीत पावसाळ्यात मोटारसायकल नको, विषय संपला. हीच माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यावरचे डांबरी रस्तेही लाटांसारखे उठतात. पुढच्याला लाट दिसते, तो पायावर उठतो. मागच्याला ती कण्यात कळते.

यासाठी हेल्मेटमधलं इंटरकॉम घेतलं. आधी आमच्या खुणा होत्या, खांद्यावर एकदा थाप म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांबा. इंटरकॉम आल्यापासून हे "खड्डा", "लाट", "बंडी" (बैलगाडी) असं आधी सांगतात आणि मी मांड्या आवळून घेते. कामाची वस्तू आहे. तोटा असा की भांडणही होतं. गाडीवरच्या भांडणात तोंड दिसत नाही, उठून जाता येत नाही आणि समोरचा कान बंद करू शकत नाही. बडनेऱ्याच्या पुढे एकदा मी माझं यंत्र बंद केलं, ते अकोल्यालाच चालू केलं. तो रस्ता मात्र गुळगुळीत आहे, अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण एका दमात करून गिनीज विक्रम झाला होता. रागात बसायला उत्तम. समृद्धीवर तर दुचाकीला बंदीच, कारंज्याजवळ तो रस्ता नुसता बघायचा आणि आपल्या जुन्या वाटेनं जायचं.

रात्री आम्ही चालवत नाही. कारण रोही, म्हणजे नीलगाय. हे जनावर रस्त्याच्या कडेला शांत उभं असतं आणि हेडलाइट जवळ आला की नेमकं तेव्हाच उडी घेतं. त्याच्यासोबत रानडुकरं आणि लाल पट्टी न लावलेल्या बंड्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन, त्यावर ब्रेक लावला की चाक दाण्यांवरून सटकतं. त्यानंतर कापसाच्या गाड्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या. वणीपासून चंद्रपूरपर्यंत कोळशाचे ट्रक. त्या पट्ट्यात चेहरा पुसलेला रुमाल मी धुवायच्या भानगडीत पडत नाही.

एवढं सगळं असून मी मागे का बसते, हा प्रश्न माझी बहीण विचारते. कारण पाहते मी. पुढच्याला रस्ता बघावा लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ऑगस्टमध्ये चढताना यांना फक्त वळणं दिसली. मला ढगात शिरणारी झाडं दिसली, पाठीवर मोळी घेऊन कडेनं चालणाऱ्या कोरकू बाया दिसल्या, दरीत उतरणारं पाणी दिसलं. खाली अचलपूरला घाम येत होता आणि वर हजार-अकराशे मीटरवर माझे दात वाजत होते. विदर्भात कॉफी पिकते ती इथंच, ती पिताना बोटं कपाला चिकटवून बसलो. गाडीनं मात्र या घाटात दम दाखवला नाही. डबलसीट, भरल्या बॅगा, दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढली. एकट्याला पुरणारी ताकद दोघांना काठावर पुरते, ओव्हरटेक आधीच ठरवून करावा लागतो.

हेमलकशाची सहल आमची सगळ्यात लांबची. चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, मग आलापल्ली. आष्टीपासून लोहखनिजाचे ट्रक आणि त्यांनी उखडलेला रस्ता, तिथं दोघांचेही मणके एकमेकांशी बोलले. आलापल्लीत टाकी फुल केली आणि पुढे सागाचं जंगल लागलं. मार्च अखेर होता, मोहाचा वास हेल्मेटची काच खाली असूनही आत येत होता. कारमध्ये तो वास येत नाही, मी कारनंही गेलेय. लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, तिथून भामरागड जवळच. पर्लकोटा तेव्हा खडकांतून वाहणारी शांत नदी होती. पावसाळ्यात हिच्याच पुरानं पूल बुडून गावाचा संपर्क तुटतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिकडचा बेत नको.

लोक हा आणखी एक फायदा. कारमधून उतरलेल्या जोडप्याशी कोणी बोलत नाही. हेल्मेट काढलेल्या बाईशी सगळे बोलतात. आर्णीला आलूबोंडा खाताना हॉटेलवाल्याची आई बाहेर आली, मला खुर्ची दिली, यांना म्हणाली, "पोरीले एवढं लांब काऊन हिंडवता जी?" मी सांगितलं, परतताना गाडी मीच चालवणार आहे. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि रस्सा आणखी वाढला. पैसे घेतले, पण रश्शाचे नाही.

हिशोबाचं थोडक्यात. एकट्यानं ३४-३५ चा अॅव्हरेज, दोघं आणि बॅगांसह ३० च्या आतबाहेर. ८० पर्यंत गाडी गोड चालते, त्यापुढे मागच्या फूटरेस्टला थरथर येते आणि तळपायाला मुंग्या. फूटरेस्टला जाड रबर बसवलं, फरक थोडासाच पडला. कंपनीचं हँडल उन्हात तापतं, त्याला सायकलची ग्रिप कापून बसवलीय. सर्व्हिसिंगबद्दल तक्रार नाही. हेल्मेट दोघांचंही आयएसआय, कायद्यातलं कलम १२९ मागच्यालाही लागू आहे आणि माझं यांच्यापेक्षा महाग आहे.

घ्यावी का? दोघांनी दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर करायचे असतील तर घ्या, सीट आणि डिक्कीचे पाच-सहा हजार आधीच बाजूला काढून. रोज चारशेच्या गप्पा असतील तर दोन सिलिंडरची गाडी बघा. बघायला जाताना मागे बसणारीला सोबत न्या आणि शोरूमवाल्याला सांगा, चक्कर तिच्या मर्जीनं संपेल. आमचं मागचं टायर आता बदलायला आलंय. हे पुन्हा तेच घ्यायचं म्हणतात, मला थोडं रुंद हवंय. दिवाळीपर्यंत ठरेल.