रसग्रहणाच्या तासाला कोणती चित्रजोडी घ्यावी?

सहावी ते आठवीच्या वर्गात चित्र एकटेच दाखवले, तर ‘छान आहे’च्या पुढे बोलणे सहसा सरकत नाही; दोन चित्रे शेजारी ठेवली की मुले आपोआप फरक शोधू लागतात. शिक्षकापुढे प्रश्न असतो तो जोडी निवडण्याचा.

एकच विषय आणि दोन चित्रकार, ही जोडी बहुतेकांना आधी सुचते. लिओनार्दो दा विंची (सुमारे १४९५–९८) आणि तिंतोरेत्तो (१५९२–९४) या दोघांनीही ख्रिस्ताचे अखेरचे भोजन रंगवले आहे. लिओनार्दोचे मेज चित्राच्या खालच्या कडेला समांतर आहे, तर तिंतोरेत्तोने ते तिरपे आत नेले असून भोवती नोकरचाकरांची लगबग आणि टोपलीशी घुटमळणारे मांजरही रंगवले आहे. रचना शिकवायला ही जोडी उत्तम आहे, परंतु ज्यांना प्रसंग ठाऊक नाही त्यांना आधी गोष्ट सांगावी लागते आणि तास तिथेच खर्ची पडतो.

क्लोद मोनेने १८९२ ते १८९४ या काळात फ्रान्समधील रूआँ शहराच्या कॅथेड्रलची, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चची, तीसहून अधिक चित्रे केली. त्यांतील दोन घेतल्यास बदलतो तो मुख्यतः प्रकाश. पण या वयाची मुले ‘रंग वेगळे आहेत’ एवढे सांगून थांबतात.

पहिल्या तासाला माझी पसंती जपानी चित्रकार हिरोशिगेचे पुलावरच्या पावसाचे छापचित्र (१८५७) आणि त्यावरून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने केलेले तैलचित्र (१८८७) या जोडीला आहे. पूल, छत्र्या सावरत चाललेली माणसे, तराफा वल्हवणारा एकटा माणूस, सारे तेच असल्याने फरक थेट माध्यमाकडे बोट दाखवतो. हिरोशिगेचा पाऊस म्हणजे लाकडी ठशात कोरलेल्या बारीक, ताठ रेषा आणि नदी जवळजवळ सपाट. व्हॅन गॉगच्या नदीत कुंचल्याचे फटकारे मोजता येतात, शिवाय भोवती त्याने इतर छापचित्रांतून उचललेल्या जपानी अक्षरांची चौकट आहे. पडद्यावर दोन्ही एकाच आकाराची दिसतात, म्हणून कॅनव्हास सुमारे ७३ सेंटिमीटर उंच, म्हणजे छापचित्राच्या साधारण दुप्पट आहे, हे कागद कापून दाखवलेले बरे. आधीचे चित्र कोणते, हे मात्र पाहणे संपल्यावरच सांगावे. नाहीतर मुले दुसऱ्याला ‘नक्कल’ म्हणून मोकळी होतात.