त्रिकोण ओळखायचा बाजूंवरून की कोनांवरून?

बाजूंवरून ओळखायला पट्टी पुरते: तिन्ही सारख्या तर समभुज, दोनच सारख्या तर समद्विभुज, एकही जुळली नाही तर विषमभुज. कोनांवरून ओळखताना फक्त सर्वांत मोठा कोन बघायचा. तो ९०° पेक्षा लहान असला तर लघुकोन, बरोबर ९०° असला तर काटकोन, मोठा असला तर विशालकोन त्रिकोण.

मला कोनांची विभागणी जास्त बोलकी वाटते. ४, ५, ६ आणि ४, ५, ७ बाजूंचे त्रिकोण घ्या. दोन्ही विषमभुजच! पण काटकोन त्रिकोणात लहान दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज सर्वांत मोठ्या बाजूच्या वर्गाइतकी असते; मोठीचा वर्ग त्याहून कमी तर लघुकोन, जास्त तर विशालकोन. इथे ४² + ५² = ४१. ६² म्हणजे ३६, कमी, म्हणून पहिला लघुकोन. ७² म्हणजे ४९, जास्त, म्हणून दुसरा विशालकोन. कोनमापक लागलाच नाही. समभुज मात्र कायम लघुकोनच. कंपासपेटीतला ४५° चा गुण्या समद्विभुजही आणि काटकोनही.