स्लो कुकर घ्यायचा की घरातलाच प्रेशर कुकर बरा?

माझ्या जावेने परवा फोनवर विचारलं, तुझ्याकडे दोन वर्षं स्लो कुकर आहे ना, मी पण घेऊ का. ती बोरिवलीला राहते, ऑफिस चर्चगेटला, सकाळी ७:५० ला घर सोडते आणि संध्याकाळी ७ च्या आत काही घरी पोचत नाही. तिला जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते, कारण विजेवर मंद शिजवणाऱ्या या भांड्याबद्दल वाचायला मिळतं ते बहुतेक परदेशी जेवण डोक्यात ठेवून लिहिलेलं असतं, त्यात फोडणीच नसते, आणि आपलं सगळं घोडं तिथेच अडतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्लो कुकरने काम कमी होत नाही, कामाची वेळ बदलते. कांदा परतणं, खोबरं भाजणं, वाटण, फोडणी हे सगळं गॅसवरच करावं लागतं, स्लो कुकर फक्त शिजवतो. आत सिरॅमिकचं जाड भांडं, त्याच्या भोवती मंद तापणारी कॉइल, वर काचेचं झाकण, बास. लो ठेवा नाहीतर हाय, बहुतेक मॉडेलमध्ये शेवटी तापमान उकळीच्या जरा खालीच पोचतं, फरक एवढाच की हायवर ते लवकर पोचतं. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडली की आतलं पाणी १२० डिग्रीच्या आसपास जातं, म्हणून जे मटण तिथे २५-३० मिनिटांत होतं त्याला इथे लोवर ८ तास लागतात.

म्हणजे प्रश्न चवीचा नंतर, आधी घड्याळाचा. तुम्हाला सकाळी निघायच्या आधी अर्धा तास मोकळा मिळतो की संध्याकाळी आल्यावर? सकाळी डबे, पोरांची शाळा, पाणी जाणार म्हणून भरून ठेवायची घाई, त्यात वाटण करायचं असेल तर स्लो कुकर गैरसोयीचाच आहे. आदल्या रात्री वाटण करून फ्रिजमध्ये ठेवत असाल तर मात्र त्याचा खरा उपयोग होतो.

मुंबईत अजून एक अडचण आहे. रेसिपीत लिहिलेलं असतं ८ तास आणि आपण घराबाहेर असतो ११ तास. साध्या नॉबवाला कुकर पूर्ण ११ तास शिजवत बसतो, ब्रॉयलर चिकन असेल तर त्याच्या नुसत्या दोऱ्या होतात. म्हणून ऑफिसला जाणाऱ्यांनी टायमरवालाच घ्या, वेळ संपली की स्वतःहून वॉर्मवर, म्हणजे जेवण नुसतं गरम ठेवण्यावर जाणारा. आता त्यातही एक गोम आहे. मधेच लाइट गेली तर नॉबवाला लाइट आल्यावर परत चालू होतो, डिजिटल बरेचदा बंदच राहतो आणि आतलं जेवण कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहतं. मुंबईत लाइट फार जात नाही खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सगळ्या शहराची गेली होती ते आठवत असेलच. घरी आल्यावर डिजिटल कुकरचं घड्याळ नुसतं लुकलुकत असेल आणि किती वेळ लाइट नव्हती ते कळत नसेल तर ते मटण टाकून द्या, जीव हळहळला तरी टाका.

आता काय करायचं त्यात. माझं उत्तर पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा. या एका पदार्थासाठी मी ते भांडं ओट्यावर ठेवलंय असं म्हटलं तरी चालेल. शनिवारी रात्री पाये (खाटकाकडूनच भाजून साफ करून आणते) १० मिनिटं उकळून ते पाणी फेकते, मग कुकरमध्ये पाये, आलं-लसूण, हळद, मीठ, काळी मिरी, एक अख्खा कांदा आणि बुडतील एवढं उकळतं पाणी, १० वाजता लोवर लावायचं आणि झोपायचं. सकाळी ७ वाजता झाकण उघडलं की वर पिवळी चरबी तरंगत असते, खाली रस्सा इतका नितळ की तळाचं हाड दिसतं, कारण रात्रभरात एकदाही खळखळून उकळी आलेली नसते आणि चरबी रश्शात मिसळतच नाही. हाड चिमट्याने उचललं तर हाड वर येतं आणि वरचं मऊ सगळं खाली राहतं. वाटीभर रस्सा फ्रिजमध्ये ठेवलात तर दुपारी तो जेलीसारखा थरथरतो. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची फोडणी गॅसवर करून त्यात ओतायची. प्रेशर कुकरमध्येही पाया होतो, छान होतो, पण असा नितळ होत नाही.

नळीचं मटण आणि गावठी कोंबडी पण फार सुंदर होते. पाणी मात्र नेहमीच्या निम्मंच घाला, वाफ बाहेर जात नाही, नाहीतर रस्सा पाणचट होतो. नारळाचं दूध शेवटच्या अर्ध्या तासात घाला, आधीपासून घातलं की फाटतं. आणि मधेमधे झाकण उघडून बघू नका, प्रत्येक वेळी १५-२० मिनिटं वाढतात.

कडधान्यांत मी मार खाल्लाय. पहिल्यांदा काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं तेव्हा आमसुलं सुरुवातीलाच टाकली, ९ तासांनी उघडलं तर वाटाणे दाताखाली टचटच, पाहुणे आलेले, शेवटी सगळं प्रेशर कुकरमध्ये ओतून शिट्ट्या काढल्या. आंबटामुळे दाण्याचं साल आणि गर मऊ पडत नाही, म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो सगळं शेवटी.

राजमा कच्चा कधीही थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका, हे मनापासून सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जोरदार उकळीनेच जातं, मंद आचेवर राहतं आणि उलट्या-जुलाब होतात, थोडे दाणे खाल्ले तरी. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर निदान अर्धा तास खळखळून उकळा, मगच आत. एवढं करायचंच असेल तर मी म्हणते राजम्याला सरळ प्रेशर कुकरच लावा.

तूरडाळ, भात, पालेभाजी, मासे यांसाठी स्लो कुकरचा विचारही नको. तूरडाळ ४ शिट्ट्यांत होते तिला ५ तास कशाला, आणि भाताचा लगदा होतो.

मग इलेक्ट्रिक प्रेशर कुकर? ज्यांना एकच वस्तू घ्यायचीय त्यांना मी तोच सांगेन. त्यात फोडणी आतच करता येते, शिट्ट्या मोजायला नकोत, वेळ झाली की स्वतः बंद. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, टीव्ही लागला की शिट्ट्यांकडे लक्ष राहत नाही, दोनदा कुकर तळाला करपला, तेव्हा गॅसशिवायचं काहीतरी हवंच होतं. त्यातलं स्लो कुकचं बटण मात्र फसवं वाटतं मला, कारण स्टीलचं भांडं फक्त खालून तापतं आणि सिरॅमिकसारखी चहूबाजूंनी ऊब मिळत नाही, पाया तसा होत नाही.

विजेचं म्हणाल तर ३.५ लिटरचा कुकर साधारण २०० वॉटचा, ८ तास म्हणजे जास्तीत जास्त १.६ युनिट. आठवड्यातून एकदा लावला तर बिलात फार जाणवत नाही.

अमेरिकेहून कोणी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. तिकडचा १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगला लावला की जवळजवळ चौपट वीज ओढून जळतो. त्यासाठी लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन वजनदार ट्रान्सफॉर्मर आणायचा आणि तो पण ओट्यावर ठेवायचा, कशाला. इथलाच घ्या, आणि घेताना सिरॅमिकचं भांडं फुटलं तर वेगळं मिळतं का ते विचारा. गरम भांड्यात गार पाणी ओतलं की तडा जातो.

जावेला मी शेवटी सांगितलं, तुमच्याकडे महिन्यातून एकदा मटण होतं, पाया कोणी खात नाही, रविवार सोडून सकाळी तुला श्वास घ्यायला वेळ नसतो, तर तू इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घे. तिच्या धाकट्या दिराकडे मात्र दर रविवारी मटण असतं, माणसं पाच आणि त्याला रात्री निवांत वेळ असतो, त्याने ५-६ लिटरचा स्लो कुकर खुशाल घ्यावा, फक्त ऑर्डर करायच्या आधी मिक्सर आणि वॉटर प्युरिफायरच्या मधली जागा पट्टीने मोजून घ्यावी.