घरच्या स्टोरेज सर्व्हरला कोणतं नेटवर्क कार्ड: रिअलटेक की इंटेल?

इंदूरला रामबागेतल्या घरी आईबाबांचे फोटो नि व्हिडिओ ठेवायला जुन्या पीसीचा सर्व्हर केला, तेव्हा कार्डावरच गाडी अडली. एकीकडे रिअलटेक आरटीएल८१२५चं नवं २.५ गिगाबिट कार्ड, दुसरीकडे इंटेल एक्स५२०, जुनं पण १० गिगाबिटचं.

वेगात इंटेल पुढे, यात वाद नाही. पण त्याला मदरबोर्डवर लांब, आठ लेनचा (डेटाच्या आठ वाटांचा) स्लॉट लागतो, एसएफपी प्लसची, म्हणजे नेहमीच्या लॅन केबलहून वेगळ्या जोडणीची केबल लागते आणि यंत्रं एकमेकांना जोडणारा स्विचही तसाच. शिवाय ते २.५ गिगाबिटवर चालतच नाही: १० किंवा थेट १. त्याचा हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, चांगलाच तापतो. मे महिन्यात बंद कपाटात ठेवू नका, पंखा हवाच.

रिअलटेक छोट्या स्लॉटात बसतं, भिंतीतली साधी कॅट५ई लॅन केबलही चालते. सेकंदाला साधारण २८० मेगाबाइट मिळतात. एका हार्ड डिस्कला तेवढे पुरून उरतात. अडचण ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. लिनक्सवर ते सहसा बिनबोभाट चालतं. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र रिअलटेकचा अनुभव जुन्या काळापासून बरा नाही. तिथे मी डोळे मिटून इंटेलच घेईन.

आमचा सर्व्हर लिनक्सवर, डिस्का दोनच. म्हणून रिअलटेक घेतलं.