रिकॉम्बिनंट फॅक्टर आठ : गुण चोख, दोष दडलेला

गंभीर हिमोफिलिया ‘ए’साठी, म्हणजे रक्त गोठवणारे फॅक्टर आठ हे प्रथिन शरीरात जवळजवळ नसण्याच्या आजारासाठी, मी नियमित घेत असलेले रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेले) फॅक्टर आठ आपले काम चोख करते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ युनिट दिल्यास रक्तातील पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे डोसचा हिशेब सरळ असतो. गुडघ्यात मुंग्या येऊ लागताच, म्हणजे सूज दिसण्याआधीच ते घेतले, तर रक्तस्राव बहुधा तिथेच आटोक्यात येतो.

गैरसोय आहे ती टिकण्याची. अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील पातळी निम्मी होण्याचा काळ, ८ ते १२ तासांचाच असल्याने एक दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा इंजेक्शनसाठी शीर शोधावी लागते, आणि ‘दीर्घकाळ टिकणाऱ्या’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक प्रकारांतही हा काळ जेमतेम दीडपट होतो.

डोकेदुखी, ताप, पुरळ हे दुष्परिणाम माहितीपत्रकात असतात आणि ते सहसा सौम्यच असतात. श्वास लागणे किंवा ओठ सुजणे मात्र तातडीने डॉक्टरांना दाखवण्याजोगे. खरा दोष इनहिबिटरचा, म्हणजे शरीराने या औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करण्याचा. गंभीर आजाराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत तो उद्भवतो, बहुतेकदा प्रत्यक्ष औषध घेतलेल्या पहिल्या ५० दिवसांत, आणि त्याचे बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही. नेहमीच्या डोसने रक्त थांबेनासे झाले की मगच शंका येते. म्हणून सुरुवातीच्या काळात इनहिबिटर मोजणारी बेथेस्डा रक्तचाचणी वेळापत्रकाप्रमाणे करावी, त्रास होण्याची वाट पाहू नये. इतका गंभीर परिणाम माहितीपत्रकात पुरळाच्याच रांगेत छापावा, हे मला पटत नाही.

दात्यांच्या रक्तद्रव्यातून (प्लाझ्मातून) विषाणू येण्याची भीती नसणे हा रिकॉम्बिनंटचा मोठा गुण मानला जातो, आणि १९८० च्या दशकात एचआयव्ही व हेपॅटायटिस ‘सी’ने जे घडवले ते पाहता तो योग्यच आहे. तरीही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सिपेट’ चाचणीत, आधी उपचार न झालेल्या मुलांमध्ये इनहिबिटरचे प्रमाण प्लाझ्मापासून बनवलेल्या औषधापेक्षा रिकॉम्बिनंटवर अधिक आढळले. तेव्हा लहान मुलाचा पहिलाच उपचार असेल, तर हा प्रश्न तज्ज्ञांना अवश्य विचारावा.

एमिसिझुमॅब या, फॅक्टर आठचे काम करणाऱ्या पण त्वचेखाली घेण्याच्या, दुसऱ्या औषधाने शिरेचा जाच वाचतो, पण ते केवळ प्रतिबंधासाठी आहे. अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी, इनहिबिटर नसलेल्या रुग्णाला फॅक्टर आठच लागते, त्यामुळे एमिसिझुमॅब सुरू केल्यावरही आपत्कालीन डोस हाताशी असावा.