रेव्हिटमधले व्ह्यू आणि त्यांच्या सेटिंग्ज: लातूरच्या ऑफिसातून, वापरानंतरचं

रेव्हिट म्हणजे घराचं थ्रीडी मॉडेल करून त्यातूनच नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. त्यावर मॉडेल कसं करायचं, फॅमिली (दार-खिडक्यांसारखे तयार भाग) कुठून घ्यायच्या यावर व्हिडिओ ढिगानं पडलेत, त्यामुळं ते सगळं सोडून मी फक्त व्ह्यूबद्दल, म्हणजे त्या मॉडेलचे प्लॅन, सेक्शन, थ्रीडी असे जे वेगवेगळे देखावे निघतात त्यांच्याबद्दल लिहायलोय. लातुरात छोटं ऑफिस आहे आमचं. बंगले, खाली दुकान वर राहणं असली घरं, मधूनच एखादा जुना वाडा दुरुस्तीला येतो. दिवाळीच्या आधी ऑटोकॅड (रेघांनी नकाशा काढायचं सॉफ्टवेअर) जवळजवळ बंद करून इकडं आलो, आता पावसाळा लागलाय, आणि एवढ्या दिवसांत एक मत पक्कं झालंय की इथं मॉडेल एकदाच बनतं पण दाखवायचं प्रत्येकाला वेगळं लागतं, आणि खरं काम तिथंच आहे. मालकाला जे दाखवतो ते सेंट्रिंगवाल्याच्या हातात दिलं तर तो कागद फिरवत बसतो, आणि सेंट्रिंगवाल्याचं मालकाला दिलं तर मालक म्हणणार, "काय दाखवायलाव साहेब, मला तर काहीच उमजंना."

पहिला त्रास सगळ्यांना एकच होतो, काढलेली गोष्ट दिसत नाही. ऑटोकॅडवाल्याला लेयर ऑफ आहे का फ्रीज आहे एवढंच बघायची सवय, इथं न दिसण्याची कारणं पुष्कळ. ऑफिसातल्या पोरांना मी एक क्रमच लावून दिलाय. आधी खालच्या पट्टीतला बल्ब दाबायचा, म्हणजे कुणी एलिमेंट (एखादी वस्तू) किंवा कॅटेगरी (भिंती, दारं असा अख्खा प्रकार) लपवली असेल तर ती गडद गुलाबी रंगात वर येते. त्यातही नाही आली तर कीबोर्डवर व्हीव्ही मारून (काय दिसायचं ते ठरवायची खिडकी उघडते) कॅटेगरी आणि फिल्टरचे टॅब बघायचे, मग व्ह्यू रेंज (कोणत्या उंचीपर्यंतचं दिसणार), मग क्रॉप (व्ह्यूची कापलेली चौकट), मग फेज (जुनं का नवं काम), आणि फाइल दोघं-तिघं मिळून वापरत असतील तर वर्कसेट (प्रत्येकाचा वाटून घेतलेला भाग). चष्म्याच्या आकाराचं टेंपररी हाइड वेगळं बरं का, त्यात व्ह्यूला निळसर चौकट येते आणि फाइल बंद केली की ते निघून जातं, म्हणून कायमचं लपवायचं असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

या सगळ्यात मजेशीर सेटिंग म्हणजे डिसिप्लिन, म्हणजे व्ह्यू आर्किटेक्चरचा का स्ट्रक्चरचा ते ठरवणारं. व्ह्यूची डिसिप्लिन स्ट्रक्चरल केली की ज्या भिंती नॉन-बेअरिंग (वरचा भार न घेणाऱ्या) आहेत त्या दिसायच्या बंद होतात. आता आपल्याकडची सगळी नवी घरं कॉलम-बीमची, विटांच्या भिंती नुसत्या भरायच्या, म्हणजे अख्खं घर गायब आणि कॉलम तेवढे उभे! नवीन पोरगा घाबरतोच. पण हेच सेंट्रिंगवाल्याला आणि बार बेंडरला (सळई वाकवून बांधणाऱ्याला) पाहिजे असतं, त्यांना तुमचं देवघर कुठं आणि किचनचा ओटा कुठं याच्याशी देणंघेणं नाही, त्यामुळं मी त्यांच्यासाठी त्याच प्लॅनची डुप्लिकेट काढून डिसिप्लिन बदलतो आणि काम झालं. फक्त सळई कॉंक्रीटच्या आत असते म्हणून ती दिसायला व्ह्यू अनऑब्सक्युअर्ड चालू करावं लागतं आणि तेही प्रत्येक व्ह्यूला वेगळं. हे कटकटीचं आहे, मला अजून पटलेलं नाही.

व्ह्यू रेंजवर मात्र जरा बसून वेळ घालवा, कारण इथली तऱ्हा आपल्या बांधकामाला नीट समजून घ्यावी लागते. मेट्रिक टेंप्लेटमध्ये कट प्लेन १२०० मिमीवर असतो, म्हणजे जमिनीपासून चार फुटांवर घर आडवं कापलं तर काय दिसेल ते प्लॅनमध्ये येतं. नेहमीच्या खिडक्यांना हे ठीक आहे, पण बाथरूमचा व्हेंटिलेटर सात फुटांवर, तो खालच्या खिडकीसारखा कापलेला येणार नाही. त्यासाठी अख्ख्या प्लॅनचा कट प्लेन वर नेला तर बाकीच्या खिडक्यांचं वाटोळं होतं, म्हणून प्लॅन रीजन काढायचं, त्या तुकड्यापुरताच कट वर घ्यायचा. जुन्या वाड्याच्या कामात तर हे प्लॅन रीजन नसतं तर मी वेडाच झालो असतो. दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यात कोनाडे, एक कमरेला तर दुसरा डोक्याच्या वर, मधेच माळवदावर जायचा भिंतीतला चिंचोळा जिना, आणि मालकाची अट की दुरुस्तीत एकही कोनाडा बुजायला नको. सगळे एका कटमध्ये येणं शक्यच नव्हतं, जागोजाग रीजन टाकून बसवले.

दुसरी एक गोष्ट कुणी सांगत नाही. २ मीटरपेक्षा कमी उंचीची भिंत कट प्लेनला लागली तरी रेव्हिट तिला कापलेली दाखवत नाही, वरून बघितल्यासारखी दाखवतं. म्हणजे पाच फुटी कंपाउंड वॉल जाड काळी न येता बारीक रेघांत येते. बिघाड समजून लोक लाइनवेट (रेघेची जाडी) बदलत बसतात, पण तो सॉफ्टवेअरचा नियमच आहे.

व्हिज्युअल स्टाइलबद्दल (व्ह्यूमध्ये मॉडेल कसं रंगवून दाखवायचं) माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. रियलिस्टिक मालकाला पहिल्या भेटीत दाखवूच नये. एकदा टाइल्सचं टेक्स्चर आणि लाकडी दार दिसलं की चर्चा खोलीच्या मापावरून उठून टाइलच्या रंगावर जाते, मग पाहुणे, मेव्हणे, सगळे त्यातच. मी कन्सिस्टंट कलर्स वापरतो. शेडेडमध्ये उजेडाच्या दिशेनं एकाच रंगाची भिंत कुठं गडद कुठं फिकी होते आणि मालक विचारतो हिकडं वेगळा रंग दिला का, कन्सिस्टंटमध्ये ती भानगड नाही, सगळीकडून एकच रंग. ग्राफिक डिस्प्ले ऑप्शन्समध्ये जाऊन कडा थोड्या ठळक केल्या की व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चित्र मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवरही कळतं. तिथंच स्केची लाइन्स म्हणून हातानं काढल्यासारखा इफेक्ट आहे, तो अगदी सुरुवातीच्या भेटीला बरा, कारण काम अजून पक्कं नाही हे न बोलता कळतं आणि माणूस बदल सुचवायला कचरत नाही.

सावल्यांचं सेटिंग मात्र मला सगळ्यात जास्त उपयोगाला आलं. आधी प्रोजेक्टचं लोकेशन नीट टाका आणि व्ह्यूचा नॉर्थ ट्रू नॉर्थ (खरी उत्तर दिशा) करून प्लॉट खरोखर कोणत्या दिशेला आहे ते बसवा, नाहीतर पडणाऱ्या सावल्या दुसऱ्याच कुठल्या गावच्या असतात. लातूर साधारण १८.४ अंश अक्षांशावर, म्हणजे मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी तो थोडा उत्तरेला असतो. "उत्तरेला ऊन येतच नाही" असं इथले बरेच मिस्त्री आणि मालक छातीठोक सांगतात, त्यांना २१ जूनची दुपारची सावली लावून दाखवा, उत्तरेच्या भिंतीवर ऊन पडलेलं स्क्रीनवर दिसतं. खरा मार मात्र पश्चिमेचा. एका घराला पश्चिमेच्या बेडरूमला दोन फुटांचा छज्जा पुरेल असं सगळे धरून चालले होते, मेच्या दुपारी चार, पाच अशा तासातासाच्या सावल्या काढून दाखवल्या, सूर्य खाली उतरला की छज्जा काहीच अडवत नाही हे मालकीणबाईंनीच आधी ओळखलं आणि तिथं उभे पडदे आले.

आमच्याकडं अजून एक प्रश्न हमखास येतो आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात एवढा येत नसावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप घरातल्या मोठ्या माणसांनी बघितलेला आहे, त्यामुळं दगडाविटांचं बिनकॉलमचं घर असलं की आजोबा विचारणारच, पट्टा (भिंतींना सगळीकडून बांधणारी कॉंक्रीटची पट्टी) टाकलाय का आणि सगळीकडून सलग आहे का. आयएस ४३२६ (भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये हे प्लिंथ, लिंटेल वगैरे पट्टे सांगितलेत, कागदावर सगळे लिहितातच, पण लिहिलेलं वाचून कुणाचं समाधान होत नाही. इथं व्ह्यू फिल्टर कामाला येतात. पट्ट्यांच्या टाइपच्या नावात बँड शब्द ठेवला, नावात तो शब्द असेल तर लाल भर असा फिल्टर केला, आणि भिंतींना व्हीव्हीमधून ट्रान्स्परन्सी बरीच चढवली. थ्रीडी फिरवून दाखवलं की घराला लाल पट्टा कसा सगळीकडून बांधलाय ते बिनचष्म्याचंही दिसतं. एका ठिकाणी तर जिन्यापाशी पट्टा तुटलेला होता, तो आजोबांनीच दाखवला, "हितं का थांबलंय हे?" दुरुस्त केलं. टेबलावर बसून नुसता प्लॅन वाचताना ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

व्ह्यू टेंप्लेट (व्ह्यूच्या सेटिंग्जचा साठवून ठेवलेला संच) सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं, पण एकदा मालक, सेंट्रिंग, मंजुरी असे तीन-चार करून ठेवले की पुढच्या कामात सेटिंग्ज परत हाताळाव्या लागत नाहीत. टेंप्लेट लावलेल्या व्ह्यूमधली सेटिंग्ज राखाडी होतात, बदलता येत नाहीत, हे माहीत नसलं की माणूस माउस आपटतो. तात्पुरतं बदलायचं असेल तर टेंपररी व्ह्यू प्रॉपर्टीज आहेत.

प्रिंटचं थोडक्यात सांगतो. कीबोर्डवर टीएल दाबून स्क्रीनवर सगळ्या रेघा बारीक दिसतात, त्याचा कागदाशी काही संबंध नाही, कागदावर लाइनवेटच येणार. सावल्या किंवा शेडेड असलेला व्ह्यू व्हेक्टरऐवजी (रेघा म्हणून) रास्टरमध्ये (ठिपक्यांचं चित्र म्हणून) जातो, प्रिंट जड होते आणि रेघेची धार जाते. म्हणून साइटला जाणारं सगळं हिडन लाइनमध्येच (रंग नसलेल्या नुसत्या रेघांत) ठेवा. हाफटोन (मुद्दाम फिकट) दिलेली गोष्ट आमच्या चौकातल्या झेरॉक्स सेंटरच्या मशीनवर पुसटच येते, आणि उन्हात उभं राहून प्लॅन बघणाऱ्या गवंड्याला तर ती नसल्यातच जमा, त्याला पर्याय म्हणून प्रिंट सेटिंगमध्ये हाफटोनच्या जागी बारीक रेघ काढायचा एक टिकमार्क आहे तो लावा.

मशीन आमचं १६ जीबी रॅमचं, साधं ग्राफिक कार्ड. अॅम्बियंट शॅडो (कोपऱ्यांतली मऊ सावली) आणि रियलिस्टिक दोन्ही चालू ठेवून मॉडेल फिरवायला गेलं की अडखळतंच, त्यामुळं काम करताना शेडेड किंवा हिडन लाइन, डिटेल लेव्हल कोअर्स (कमीत कमी बारकावे), आणि सेक्शन बॉक्स (थ्रीडी कापायची चौकट) लावून लागेल तेवढाच भाग. फोटो काढायचा असेल तेव्हाच सगळं चालू. रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी आधीच बघून घ्या. आणि दोन खोल्यांचं घर, तेही मंजुरीपुरतं करून द्यायचं असेल तर खरं सांगू का, ऑटोकॅडच बरं, एवढे व्ह्यू मांडत बसण्यात फायदा नाही. दोन मजल्यांच्या वर आणि साइटवर तीन-चार वेगवेगळे ठेकेदार असतील तिथं मात्र मी आता मागं जाणार नाही.